लाल कागदातली आजी

कोनाडूबाई रडत रडतच फाटकातून आत आल्या आणि अंगणात सेरवाआजींना बसलेलं पाहून त्या तिथेच थबकल्या. कोनाडूबाईंच्या अंगावर काळं कापड, डोक्याला घट्ट बांधलेलं लाल फडकं, असा सगळा मर्तिकाचा थाट होता. ज्यांच्यासाठी हा थाट केला होता, त्या सेरवाआजी समोर बसून उकडलेला कंद पाल्याच्या कालवणात बुडवून खात होत्या. वय एक्क्याऐंशी, दात नऊ, भूक शाबूत.

"कोण गेलं गं?" आजींनी विचारलं.

कोनाडूबाईंनी अदोमाकडे पाहिलं. अदोमा आजींची लेक. पहाटेच केजेतियाच्या बाजारात नवा माल लावून, दुसरी खेप न्यायला ती नुकती घरी आली होती. काय करावं ते सुचेना, म्हणून तिने कुठल्याही पाहुण्यासाठी करतात तेच केलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि पाणी पिऊन झालं की रीतीचा प्रश्न विचारावाच लागतो. ती रीत चुकवून कुमासी शहरात कोणी कोणाशी पुढे बोलत नाही.

"इकडे सगळं शांत आहे," अदोमा म्हणाली. "तुमचं येणं कसं काय झालं?"

कोनाडूबाईंनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो रिकामा होता. "शेजारीण म्हणून आले."

"शेजारीण तू चाळीस वर्षं आहेस," आजी म्हणाल्या. "काळं नेसून आज का आलीस ते सांग. विचारलंय तर सांगावं लागतं."

"तुम्ही गेलात म्हणून आले."

"कधी गेले मी?"

"आज सकाळी. म्हणजे बाजारात तसं कळलं. तुमचा फोटो लागलाय, अदोमाच्या दुकानात, ओळीने."

आजींनी बोटं चाटली. "मग आणखी कोण कोण रडलं?"

"मासळी विकणारी अन्सा रडली. तांदळाच्या दुकानातल्या दोघी रडल्या. मी तर वाटभर रडले."

"आणि तो तेलाचा व्यापारी?"

"तो गिऱ्हाईक करत होता."

"वाटलंच मला," आजी म्हणाल्या आणि कंदाची ताटली त्यांनी कोनाडूबाईंपुढे सरकवली. "खा. माझ्यासाठी आलीस, उपाशी जाऊ नकोस."

अदोमा तोवर दारातल्या खोक्यापाशी जाऊन उकिडवी बसली होती. वर 'सेरवा साबण' लिहिलेलं. तिने एक वडी काढून हात लांब करून धरली. लालभडक कागद, कडेने काळी पट्टी, काळी ठळक अक्षरं, आणि मधोमध लंबगोलात तिची आई, गंभीर चेहऱ्याने समोर बघणारी. कुमासीतल्या कुठल्याही भिंतीवर, विजेच्या खांबावर, शाळेच्या कुंपणावर मरणाची बातमी देणारे असे कागद चिकटलेले असतात. त्यांवर फक्त खाली कोणत्या शनिवारी दफन आहे ते लिहिलेलं असतं. इथे त्या जागी वजन लिहिलं होतं. सकाळी तिने अशा चाळीस वड्या फळीवर लावल्या होत्या. ती फळीच्या मागे उभी होती, फोटो रस्त्याकडे तोंड करून होते. तिला आपल्या बाजूने फक्त माल दिसला.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला मारलंय आम्ही."

"कळलं मला," आजी म्हणाल्या. "पाणी ठेव आणखी. येतीलच लोक."

लोक आलेच. दुपारपर्यंत अकरा जणी येऊन, पाणी पिऊन, येण्याचं कारण सांगता सांगता अडखळून गेल्या. प्रत्येकीला आजी "कधी गेले मी?" हेच विचारत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना तितकीच मजा येत होती.

*

बोआदीमामा साबणाच्या कारखान्यातून आले ते तरातरा. आजींचे ते थोरले चिरंजीव, आणि आईच्या रक्ताच्या सगळ्या गोताचे प्रमुख. त्यांनी बसा म्हटलं की सगळ्यांनी बसायचं. मागोमाग त्यांचा मुलगा ड्वोमो आला, कोपरापर्यंत साबणाचा वास घेऊन. बारा वर्षं साबणाची काहील त्याच्याच हाताखाली होती. कारखाना मात्र त्याचा कधीच होणार नव्हता. वारसा जायचा तो बहिणीच्या पोटी जन्मलेल्यांकडे, म्हणजे पोकुआकडे. या गोष्टीबद्दल घरात कोणी बोलत नसे, आणि बोलत नाहीत हे सगळ्यांना जाणवत असे.

पोकुआ अदोमाची लेक. शिकायला म्हणून लहानपणीच राजधानीत, अक्र्याला गेलेली, तिथेच एका जाहिरातीच्या कचेरीत रमलेली. गेल्या पावसाळ्यात ती परत आली, कारण आजीचा बिनकागदाचा पिवळा साबण चकचकीत वेष्टनातल्या परक्या साबणांपुढे मार खात होता. मामांनी तेव्हा अट घातली होती: एक खेप तुझ्या मनासारखी काढ. चालली तर राहा. नाही चालली तर अक्र्याला परत जा, विक्री ड्वोमो बघेल. कचेरीने तिची खुर्ची महिनाअखेरपर्यंत राखली होती. महिना संपायला चार दिवस होते.

आता ती अंगणातल्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसली होती. परीक्षेत नापास झाल्यावरही ती अशी बसली नव्हती, कारण ती कधी नापासच झाली नव्हती.

"सांग," मामा म्हणाले. "काय विचार करून केलंस हे?"

"लाल रंग लांबून दिसतो," पोकुआ म्हणाली. "बाई चालता चालता थांबते. काळ्यामुळे माल भारी वाटतो. आणि माणसाचा चेहरा असला की विश्वास बसतो. हे मी मनाचं सांगत नाही, सगळं तपासलेलं आहे."

"अगदी बरोबर तपासलंय," अदोमा म्हणाली. "बाया लांबूनच थांबल्या. भाव विचारायची एकीची हिंमत झाली नाही. आणि विश्वास तर असा बसला की रडायलाच लागल्या."

आजी खुदकन हसल्या. पोकुआलाही हसू आलं असतं, पण रडू त्याच्या आधी येईल अशी तिला भीती वाटली.

"रंगाचं शास्त्र म्हणे," मामा म्हणाले. "साबणाला फेस लागतो. रंगाने काय होतं? बायका काय दुधखुळ्या आहेत?"

"बायकांचं राहू दे, दादा," अदोमा म्हणाली. लेकीला आपण चिडवलं तर चालतं, भावाने बोललेलं मात्र तिला चालत नसे. "मागच्या महिन्यात हिने तुला दोन वड्या दिल्या. एक पिवळी, एक निळी. आठवतं?"

"आठवतं की."

"आठवडाभर वापरून काय म्हणालास?"

"निळीने सदरा पांढरा निघतो. निघतोच."

"एकाच काहिलीतल्या होत्या. रंगाची चिमूट तेवढी वेगळी."

मामांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीकडे पाहिलं. "निळी जास्त शिजली असेल."

"नाही बाबा," ड्वोमो म्हणाला. "एकाच डावाने ओतल्या मी."

"तू गप्प बस."

"कोनाडूबाई तर म्हणतात निळ्याने हात भाजतात आणि पिवळ्याने हात मऊ होतात," अदोमा म्हणाली. "तीस वर्षं मी त्या फळीमागे उभी आहे. पिवळी वडी निळ्या घमेल्यात ठेवली की लवकर खपते, हे मला कोणत्या शाळेने शिकवलं नाही. डोळा आधी विकत घेतो, हात नंतर. माझी लेक चुकीचं काही शिकून आलेली नाही."

"मग मेलं कोण सकाळपासून?" मामांनी विचारलं.

पोकुआ म्हणाली, "मी रंग पाहिले. मी आजीला पाहिलं. दोन्ही एकत्र पाहायचं राहून गेलं." आणि मग, जरा धीटपणे, "पण छापायच्या आधी मी ते चित्र सगळ्यांना फोनवर पाठवलं होतं. आईला आणि मामांना. तीन आठवड्यांपूर्वी."

"माझ्या फोनची काच तुला माहीत आहे," अदोमा म्हणाली. "मला आईचं नाक दिसलं आणि एक हिरवी रेघ. मी छान म्हटलं."

सगळे मामांकडे बघू लागले.

"मला ते फोनवरचं काही दिसत नाही," मामा म्हणाले. "बारीक असतं."

*

ड्वोमो जमिनीकडे बघत होता. त्याला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. जेवणाआधी बाबांनी फोन उघडला होता. बारीक नव्हतं काही, बाबांनी दोन बोटांनी मोठं केलं होतं. मग बराच वेळ बघून त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि म्हणाले, तू बोलू नकोस, होऊ दे.

बाबा आपल्यासाठी वाट मोकळी करताहेत हे त्याला तेव्हाच समजलं होतं, आणि तो खूश झाला होता. दोन दिवस अगदी मनापासून खूश होता. तिसऱ्या दिवशी आजीने कारखान्यात येऊन नेहमीसारखा वाफाळता साबण बोटाने चाखला, मीठ कमी आहे म्हणून त्याला झापलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. तरी तो गप्पच राहिला. गप्प राहणं सोपं होतं, कारण या अंगणात त्याला बोलायला कोणी सांगतच नसे.

आताही कोणी सांगितलं नव्हतं.

"बाबांनी पाहिलं होतं," तो म्हणाला. "मीही पाहिलं. आम्हाला दोघांनाही कळलं होतं."

कोनाडूबाई अजून तिथेच होत्या, कंद खाऊन तृप्त. त्यांनी हळूच आपली खुर्ची जवळ ओढली.

"काय पाहिलं होतंस, बोआदी?" आजींनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली मजा गेली होती.

बोआदीमामांना आधी मुलाचा राग आला. ज्याच्यासाठी केलं त्यानेच उघडं पाडलं. मग रागाखालून दुसरंच काही वर आलं. ते त्यांनी तीन आठवडे दाबून ठेवलं होतं. प्रमुखाने अंगणात बसून असलं काही सांगायचं नसतं. पण आई समोर बसली होती, आणि आईपुढे ते कधीच कुठले प्रमुख नव्हते.

"पाहिलं," ते म्हणाले. "पोर तोंडावर पडावी असं वाटलं मला. पडली की जाईल परत. हे खरं आहे."

"दादा!" अदोमा म्हणाली.

"एक दिवस वाटलं तसं. दुसऱ्या दिवशी म्हटलं सांगून टाकू, पैसे पाण्यात जातील उगाच. पण सांगायचं म्हणजे काय काय चुकलंय ते नीट सांगायला हवं, आणि त्यासाठी तो फोटो पुन्हा उघडायला हवा. मला नाही उघडवला तो. लाल कागदावर तू, आई. काळी पट्टी कडेने. मी एकदा बघितलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. मंडप, खुर्च्या, सगळं. फोन खिशात ठेवला तरी मांडीला लागत होता."

"आणि मी इथे रोज तुझ्यासाठी सूप राखून ठेवत होते."

"हो."

"ते खात होतास."

"हो. रोज खात होतो."

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. अदोमाला भावाचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं. ती दोन्ही न करता उभी राहिली.

पोकुआ उठली. "मी जाते अक्र्याला," ती म्हणाली.

"अगं, चूक त्यांची निघाली आता," कोनाडूबाई म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"नाही. मामांना एकदा बघितल्यावर पुन्हा बघवलं नाही. मी तो फोटो तीन आठवडे रोज बघत होते. पट्टी जाड कर, नाव खाली घे, आजीचा चेहरा थोडा उजळ कर, असं छापणाऱ्याला सांगत होते. मला काहीच झालं नाही. ज्या गावात साबण विकायचा त्या गावच्या माणसाला जे क्षणात दिसतं ते मला दिसत नसेल, तर माझा इथे काय उपयोग?"

तिला थांबवायला अदोमाने तोंड उघडलं, पण आजींनी हात वर केला.

"बाजार उठायला किती वेळ आहे?"

"अडीच तास असतील," अदोमा म्हणाली.

"माझं पांढरं कापड काढ. आणि पांढरी माती उगाळ. सगळ्या गावाच्या लेखी मेलेय मी, आता जरा जगून येते."

*

दुखण्यातून उठलेली, बाळंतपणातून सुटलेली, खटला जिंकलेली बाई पांढरं नेसते, खांद्यांवर आणि दंडांवर पांढरी माती लावते, आणि मग तिला काय झालं होतं ते कोणी विचारत नाही. सेरवाआजी तशा सजून केजेतियाच्या गल्लीत शिरल्या, एका हाताला ड्वोमो, दुसऱ्या हाताला पोकुआ. मासळी विकणाऱ्या अन्साने त्यांना पाहिलं आणि हातातला सुरा खाली टाकून ती पुन्हा रडली. तिला तेवढंच जमत असावं.

अदोमाच्या फळीपुढे आजींना उंच स्टुलावर बसवलं. बाया गोळा झाल्या. कोणी दंडाला हात लावून बघितला, कोणी गुडघ्याला. आजींनी प्रत्येकीला नावाने हाक मारली आणि तेलाच्या व्यापाऱ्याला लांबूनच विचारलं, "काय रे, गिऱ्हाईक झालं का करून?" तो मान खाली घालून डबे पुसू लागला.

पोकुआ फळीमागे जमिनीवर बसून वड्यांवरचे लाल कागद सोडवत होती. आतून तोच जुना पिवळा साबण निघत होता. वडी सुटली की अदोमा निळ्या घमेल्यात टाकायची आणि टाकेपर्यंत कोणीतरी उचलायचं. एका बाईने वडी नाकाशी नेली आणि शेजारणीला म्हणाली, सकाळी तो लाल होता ना, त्याला वास नव्हता हो, याला बघ कसा आहे. पोकुआने मान वर केली. ती काही समजावणार होती, पण तिने नुसतंच विचारलं, "आणि पांढऱ्या कागदात दिला तर?"

"पांढरा कशाला? पांढरा बाळंतिणीला."

"हिरवा?"

"हिरवा औषधाचा वाटतो. तू हा घमेल्याचा निळा दे की. त्यात तो कसा ताजा दिसतो."

पोकुआने काळ्या पट्टीवर पेनने काही लिहून घेतलं. अदोमाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. लेक जाणार असेल तर लिहून कशाला घेतेय, हे विचारायची तिला भीती वाटली.

*

संध्याकाळी अंगणात कागदांचा ढीग पडला होता. दुकानातले सोडवून आणलेले, आणि कारखान्यातून आणलेले कोरे, अजून घडीही न मोडलेले गठ्ठे. जिकडे बघावं तिकडे आजी.

"हे जाळून टाकतो मागे," ड्वोमो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याने जीभ चावली.

"माझा चेहरा जाळतोस?"

"नाही आजी."

"कचऱ्यात टाका," अदोमा म्हणाली, मग तिनेही मान हलवली. कचऱ्याच्या गाडीवर आईचे हजार चेहरे गावभर फिरतील, आणि उद्या पुन्हा कोनाडूबाई येतील.

बोआदीमामा ढिगाजवळ खाली बसले होते. चुरगळलेला एक कागद घेऊन ते मांडीवर तळव्याने सरळ करत होते. तो झाला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. फोटो वरच्या बाजूला येईल असा ठेवत होते. थोड्या वेळाने पोकुआ त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनेही एक उचलला.

"मामा, चुकले मी."

"मीही," मामा म्हणाले. "माझं जास्त."

आजी बराच वेळ दोघांकडे बघत होत्या. पांढरी माती त्यांच्या दंडांवर वाळून तडकली होती. त्या थकल्या होत्या, आणि ते त्यांनी आज लपवलं नाही.

"नीट ठेवा ते," त्या म्हणाल्या. "कधीतरी लागतीलच. फोटो चांगला आलाय."

"आई," अदोमा म्हणाली.

"लागतील गं. खरं तेच सांगते. तेव्हा घाईगडबडीत कोणीतरी वाईट फोटो छापेल, त्यापेक्षा हे बरे. आणि ते एकीच्याच ताब्यात असू देत. बोआदीच्या ताब्यात दिले तर तो सांगायचा नाही." आजींनी पोकुआकडे बोट केलं. "म्हणून ही कुठे जाणार नाही. त्या दिवशी मला अक्र्याहून कोणाची वाट बघायची नाहीये."

पोकुआच्या हातातला कागद तसाच राहिला. ती मामांकडे बघू लागली. अट मामांची होती.

मामांनी मांडीवरचा कागद सरळ केला, गठ्ठ्यावर ठेवला, गठ्ठ्याला सुतळी बांधली. मग तो दोन्ही हातांनी उचलून ते उठले आणि जिन्याशी थांबले. वर दोन खोल्या होत्या, एक त्यांची. दुसरीत पोकुआ सात महिने राहत होती, पण त्या खोलीला मामा आजवर पाहुण्यांची खोलीच म्हणत आले होते.

"माझ्या खोलीत मला झोप लागायची नाही," ते म्हणाले. "तुझ्या खोलीत ठेवतो."